झोपवून ठेवलेलं मशीन

प्रिय खंडू,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. लिहून पाठवायचं कुठं? पण आज तुझं मशीन सुरू झालं, आणि ही बातमी ज्याला सांगावी असं माणूस एकच होतं. म्हणून लिहायला बसले. कुंभार पिंपळगावात, आपल्याच ओट्यावर. लाईट नुकतीच गेली आहे, ऊन अजून भिंतीवर आहे. आत तुझी मीरा चहा ठेवते आहे. हातात तुझ्याच गठ्ठ्यातला लग्नपत्रिकेचा कोरा कागद आहे, वर गणपती छापलेला. त्याच्याखाली मी रडगाणं लिहिते आहे, देव मला माफ करो.

मशीन सुरू झालं म्हणजे चांगलंच झालं ना? मग मला असं का वाटतंय, की तुला आज दुसऱ्यांदा पोचवून आलो आम्ही?

पहिल्यापासून सांगते. अर्धं तुला ठाऊक आहे, तरी ऐक. बहिणीचं बोलणं अर्ध्यात तोडायची तुझी खोड आता तरी चालायची नाही.

तुझा जुना कॉम्प्युटर थकला तेव्हा तू जालन्याहून दुसरा आणलास, तोही कुणीतरी वापरून काढलेला. पण तुझ्या पत्रिकांची अक्षरं, वेलबुट्ट्या, आवाज भरायचा तो प्रोग्राम, सगळं जुन्या सिस्टीमवर चालणारं. नव्या सिस्टीमनं त्यांना दारातच उभं केलं. मग तू काय करावंस? नव्या कॉम्प्युटरच्या आत एक अख्खा जुना कॉम्प्युटर बसवलास! खोटाखोटा, पण चालणारा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, हे तू मला इतक्या हौसेनं समजावत होतास, आणि मी जांभया देत होते. शेवटी तू वैतागून म्हणालास, "आक्का, सोपं हाये. आपला कॉम्प्युटर गाभण हाये."

धनगराच्या पोरीला याहून जास्त काय सांगायचं! तेव्हापासून आपल्या घरात ते गाभण मशीनच झालं. दादासुद्धा, जन्मभर मेंढरं राखलेला आपला बाप, येता-जाता त्या डब्याकडं बघून मान हलवायचे, जसं व्यायला आलेल्या मेंढीकडं बघावं तसं.

आणि मायचं ते 'बंद'! तुला आठवतं ना? आपल्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. पण माय त्याच्याही पुढची. चालत्या धंद्याला 'बंद' हा शब्द लावला की तिचा धपाटा पाठीत बसलाच. मी एकदा वाटूरहून आले होते, तुला म्हणाले, "खंडू, कॉम्प्युटर बंद कर अन् जेवायला चल." तर माय चुलीपुढून उठून आली. "पोरगं सकाळधरनं राबून राह्यलं, अन् तू त्याच्या रोजीला बंद म्हणती? नांदायला गेली अन् समदं इसरली!"

तू हसलास आणि म्हणालास, "माय, बंद न्हाई करत. झोपवतो."

"हां, झोपव. सकाळी उठंल."

त्या आतल्या मशीनला खरंच तशी सोय होती. जे काही उघडं असेल ते तसंच्या तसं गोठवून ठेवायचं. पत्रिकेवर अर्धं नाव लिहून झालेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी उठवल्यावर अर्ध्या नावापुढं टिचकी मारत उभं. मायचं मन राहिलं, तुझाही वेळ वाचला. आणि त्या दिवसापासून तुझी सेव्ह करायची सवय सुटली, गाढवा! कशाला सेव्ह करायचं? झोपवलंय की! महिनोन्‌महिने ते मशीन कधी बंद म्हणून झालंच नाही. झोपायचं, उठायचं, झोपायचं, उठायचं.

मी तुला एकदा विचारलं होतं, "अन् न्हाई उठलं तर?" तू म्हणालास, "आक्का, तू ना लई वंगाळ बोलती." मीच वाईट!

आता त्या कॅसेटचं.

दादांच्या गळ्याचं ऑपरेशन औरंगाबादला झालं आणि आवाजाची पेटीच काढली. घरी आले ते गळ्याला फडकं बांधून, मुके होऊन. ज्या माणसाच्या एका हाळीवर सगळी मेंढरं माळावरून उतरायची, तो माणूस पाणी मागायला तांब्या वाजवायला लागला. मेंढरं विकली तेव्हा दादा मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे होते. नवा मालक त्यांना हाकलत होता आणि ती वळून वळून दादांकडं बघत होती. तू मला नंतर फोनवर म्हणालास, "आक्का, त्यांला वाटून राह्यलं, दादा बोलवतील."

त्यानंतरच तू ती कॅसेट शोधायला लागलास. हैदराबादचा मामा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, तेव्हाची. तू पाच-सहा वर्षांचा असशील. सांजवेळी मेंढरं परतताना मामानं दादांना सांगितलं, घाला हाळी. दादा लाजले. मग कानावर हात ठेवून त्यांनी जी लांब हाळी घातली! मागनं घंटा, मेंढरांची बें-बें, आणि मध्येच तू, "दादा, म्या म्हणू? म्या म्हणू?" आणि तू तुझी चिमणी हाळी घातलीस, आणि एक चुकार कोकरू खरोखर तुझ्याकडं पळत आलं. आणि दादा हसले. एवढे मोठ्यानं हसले की मामा म्हणाला, पुरे, टेप फाटंल. मी कुठं होते? मी टेपरेकॉर्डर धरून उभी होते. मला मामानं बजावलं होतं, तोंडातून शब्द काढायचा नाही. अख्ख्या कॅसेटमध्ये मी सोडून सगळे आहेत, मेंढरंसुद्धा!

ती कॅसेट तुला मायच्या ट्रंकेत सापडली. जुना टेपरेकॉर्डर कुठूनसा मागून आणलास, वायर लावलीस आणि आवाज त्या पोटातल्या मशीनमध्ये भरून घेतलास. तुझा फोन आला. तू इतक्या घाईत बोलत होतास की मला आधी भीतीच वाटली.

"आक्का, कॅसेट गेली!"

"गेली म्हणजे?"

"फीत गुंडाळली टेपात. तुकडे झाले. पर आवाज आला आत! बराबर पूर्ण आला. तुझी शप्पथ, दादाचं हसणंबी आलं."

"दादांना ऐकवलं?"

"न्हाई अजून. खरखर लई हाये. ती काढतो, सीडी करतो, मंग ऐकवतो. तूबी ये रविवारी. समदे मिळून ऐकू."

रविवारी! ऐकवलं असतंस रे तेव्हाच. खरखरीसकट ऐकवलं असतंस. दादा काय कान धुऊन बसले होते? पण तुझं नेहमी तसंच. काम सोन्यासारखं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही.

त्या रविवारी मी आले, पण दारात रडत बसलेल्या बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आले. कागद आणायला म्हणून तू मोटारसायकल काढलीस आणि उसाच्या ट्रॉलीनं तुला रस्त्यातच थांबवलं. निघताना मीराला म्हणालास, "झोपवलंय मशीन, हात नको लावू, जल्दी येतो."

तुझं 'जल्दी' केवढं मोठं निघालं!

मायनं सांगितलं, वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या कॉम्प्युटरला कुणी शिवायचं नाही. तुझं पांढरं उपरणं तिनं त्याच्यावर घातलं, आणि रोज सकाळी देवपूजा झाली की तिथंही हळदीकुंकू. वायर काढून ठेवलेली. मीरा त्या खोलीत झाडायला जायची तीसुद्धा पाय न वाजवता. आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं, की आत दादांचा आवाज झोपलेला आहे आणि तुझाही. घाई नाही. वर्ष झालं की उठवू. खरं सांगू? त्या एका गोष्टीवर आम्ही वर्ष काढलं. दादा दुपारचे त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायचे, आणि कुणी काही विचारलं की डब्याकडं बोट दाखवून कानाला हात लावायचे.

वर्ष झालं. मीराचा भाऊ तिला न्यायला दोनदा आला. "ताई, हितं आता तुझं काय हाये?" मीरानं त्याला सांगितलं, "मशीन चाललं तर मी हितंच ऱ्हाईन. पत्रिका करीन. त्याहिनं शिकवलंय मला." बघ, तू नवरा म्हणून कसा होतास ते तू जाण, पण मास्तर चांगला होतास. पत्रिकेचं काम तिला येतं. फक्त ती अक्षरं सगळी त्या पोटातल्या मशीनमध्ये. लग्नसराई तोंडावर आली आणि गावातली माणसं पत्रिकांसाठी जालन्याला जायला लागली होती.

मग गेल्या महिन्यात उपरणं काढलं. मायनं नारळ वाढवला. दादा स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून स्टुलावर बसले. मीरानं बटण दाबलं.

वरचा कॉम्प्युटर सुरू झाला, पण कोपऱ्यातलं घड्याळ मागं गेलेलं! किती मागं, तर मीराचं लग्नही झालेलं नव्हतं त्या सालात. मी म्हणाले, "अगं, हे तर चुकीचं साल आहे." मीरा एकटक बघत राहिली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. ती का गेली ते मला मागाहून समजलं. त्या तारखेला तू होतास. कॉलेज बुडवून कुठंतरी उंडारत असशील, पण होतास. सगळ्या घरात एकट्या त्या यंत्राला ठाऊक नव्हतं तू गेल्याचं.

मग मी तुझ्या त्या झोपलेल्या मशीनवर टिचकी मारली. एक चौकट आली, इंग्रजीत. मी शब्द शब्द लावून वाचलं, तर अर्थ एवढाच, की मशीन सुरू होऊ शकत नाही. पुन्हा टिचकी, पुन्हा चौकट. मायनं जांब समर्थच्या देवळातला अंगारा आणून डब्याला लावला. पुन्हा टिचकी, पुन्हा चौकट. दादा कानाला हात लावून बसलेले तसेच बसून. त्यांच्याकडं बघायची माझी छाती होईना.

तुझा तो मोबाईल दुरुस्तीवाला इरफान आला. तू गेल्यावर सगळ्यात जास्त रडलेला माणूस तो, हे तुला सांगायचं राहिलंच होतं. त्यानं डबा उघडला, आतून शर्टाच्या बटणाएवढा एक सेल काढला. "आक्का, ये सेल मेला. वर्षभर वायर काढून ठेवलीती ना? मंग घड्याळ इसरलं, समद्या शेटिंगा इसरल्या. पोटात दुसरं मशीन चालवायचा खटका हाये, त्योबी बंद पडला."

म्हणजे जपून ठेवायचं म्हणून जे केलं, त्यानंच ते आणखी बिघडलं! हळदीकुंकू वाहत होतो आम्ही, आणि आत सेल मरत होता. मायला हे कळलं तेव्हा ती नुसती आपल्या हाताकडं बघत बसली. तिला मी काय समजावू? तूच असतास तर दोन शब्दांत हसवलं असतंस.

इरफाननं नवा सेल घातला. निळ्या पडद्यावर तो खटका चालू केला. मग तारीख भरायला लागला. एक कळ दाबत गेला तशी सालं भराभर पुढं सरकली. तुझं लग्न गेलं, दादांचं ऑपरेशन गेलं, आणि तो दिवसही गेला, कळीच्या एका दाबासरशी. आम्हाला तो ओलांडायला वर्ष पुरलं नव्हतं.

पुन्हा टिचकी मारली. या खेपेला चौकट आली नाही! एक निळी पट्टी सरकायला लागली. इरफान म्हणाला, "उठून राह्यलं, चाचा!" दादा स्टुलावरून अर्धे उठले. पट्टी निम्म्यापर्यंत गेली, थांबली, आणि सगळं मिटलं. दुसरीच चौकट. दुसऱ्यांदा केलं, निम्म्यावर थांबली. तिसऱ्यांदा, निम्म्यावरच. मी तर हात जोडून उभी होते त्या पट्टीपुढं. असे हात मी देवळातही जोडले नव्हते.

इरफाननं ती चौकट पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं विचारलं, "भाभी, खंडूभाई निघाले तवा लाईट होती का?"

मीरा म्हणाली, "ते फाटकाबाहेर गेले न्हाई तं लाईट गेली. येळ व्हती अजून, पर त्या दिवशी आधीच गेली."

आणि तुझा तो यूपीएस! त्याची बॅटरी बदलायची म्हणून तू दोन दिवाळ्या म्हणत होतास. टीं टीं करून जागच्या जागी मेला असणार. तू झोपवायचं बटण दाबलंस आणि उठलास. मशीन आपली झोप लिहून काढत होतं, तेवढ्यात लाईट गेली. निम्मंच लिहिलं गेलं. इरफाननं त्या झोपेची फाईल सीडीवर घेऊन जालन्याला दाखवलं, औरंगाबादला दाखवलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मागचा भाग बिघडलेला नाही, तो लिहिलाच गेलेला नाही. नाही तो आणायचा कुठून?

तू तर असा, आणि तुझं मशीनही तुझ्यासारखंच. निम्म्यावरून उठून गेलेलं.

मग इरफाननं सांगितलं, "आक्का, मशीन चालू व्हईल. बिलकुल चालू व्हईल. अक्षरं, जुन्या पत्रिका, समदं डिस्कवर हाये. फकस्त ही झोप काढून टाकावी लागंल. ही हाये तवरक ते उठत न्हाई. मंग जे उघडं व्हतं ते..."

काढून टाकलं की मीराचं काम सुरू, मीरा घरात. न काढलं तर आवाज आत आहे असं म्हणत आणखी वर्ष, आणखी दहा वर्षं उंबऱ्यावर बसायचं. मी मीराकडं बघितलं. ती म्हणाली, "आक्का, माझं काही म्हणणं न्हाई. तुम्ही अन् दादा म्हणतान तसं." ती तसं म्हणाली म्हणूनच मला जास्त लागलं. तिनं भांडायला हवं होतं. मला कुणाशी तरी भांडायचं होतं रे!

आठवडाभर कुणी त्या खोलीत गेलं नाही. मी वाटूरला परत गेले, अंगणवाडीत पोरांना गाणी म्हणायला लावली, आणि त्यांच्या गलक्यात तुझं "म्या म्हणू? म्या म्हणू?" ऐकत बसले. मनात सारखं एकच, की ठरवायचं मी कोण? आणि मी नाही तर कोण?

आज सकाळी इरफानला बोलावलं आणि त्याला दादांना सगळं नीट सांगायला लावलं. दादांनी ऐकून घेतलं. मग स्टूल ओढून डब्याजवळ बसले आणि त्याच्यावर तळहात ठेवला, गाभण मेंढीच्या कुशीवर ठेवतात तसा. खोलीत फक्त दादांच्या गळ्यातली ती फडक्यामागची घरघर.

तुला काळी मेंढी आठवते? अडली होती, रात्रभर कण्हत होती. पहाटे दादांनी हात घालून कोकरू ओढून काढलं, ते आधीच गेलेलं. तू दादांच्या पाठीवर बुक्क्या मारत सुटलास, "तुम्ही मारलं, तुम्ही मारलं!" दादा रागावले नाहीत. रक्ताचे हात मातीला पुसत म्हणाले, "खंड्या, त्ये आदीच गेल्तं. आत तसंच ऱ्हाऊ दिलं असतं, तं मायबी गेली असती." मग तू दिवसभर त्या काळीला पाला चारत बसलास.

आज दादांनी तोच हात केला. बोलता येत नाही, पण मनगट वळवून, मुठीत धरून, हळू ओढून काढायचा तो हात. मी बघताक्षणी ओळखला. आणि दुसऱ्या हातानं त्यांनी दाराकडं दाखवलं. दारात मीरा उभी होती.

मी म्हणाले, "दादा, ते कोकरू मेलेलं होतं. ह्यात तर खंडू बोलतोय. तुम्ही हसताय!"

दादांनी मान हलवली. नाही. आणि गळ्याच्या फडक्याला हात लावला. त्यांना काय म्हणायचं होतं, मला सांगता येणार नाही. आवाज गेला की गेला, असं असेल. किंवा मी आहे ना अजून, असंही असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

इरफाननं ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि बटण दाबलं. तर ते मशीन विचारतं कसं, की नक्की काढून टाकायचं का? परत आणता येणार नाही, नक्की का? खंडू, तुला नेताना आम्हाला कुणी विचारलं होतं का रे, नक्की का म्हणून?

'हो'वर बोट मी ठेवलं. इरफानवर ते ओझं नको म्हणून.

आणि लगेच सुरू झालं ते. काही आढेवेढे नाहीत. ते आपलं जुनं सूर वाजवणारं सुरू होणं, तेच हिरवं माळरान पडद्यावर. कुठंही काही उघडं नव्हतं. इतकं स्वच्छ, की मला तिथं बघवेना. तू सगळा पसारा मांडून उठून जावंस, आणि कुणी तरी येऊन झाडून-पुसून लख्ख करावं, तसं. मी वेड्यासारखी सगळ्या कप्प्यांत शोधलं. चुकून एखाद्या दिवशी तुला सेव्ह करायची बुद्धी झाली असेल म्हणून. नव्हती झाली.

मीरानं खुर्ची ओढली. तिची बोटं चालायला लागली. कुणा मुलीचं नाव आलं, चि. सौ. कां. म्हणून, तुझ्या त्या गोल गोल अक्षरांत. दादांनी जवळ जाऊन बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी मागच्या अंगणात जाऊन बसले. दादा थोड्या वेळानं आले. मी रडत होते, त्यांनी रडू दिलं. मग त्यांनी कानावर हात ठेवला, मान वर केली आणि तोंड उघडलं. हाळी, खंडू! आवाज नाही, नुसता वारा. पण ओठ तसेच, छाती तशीच भरून आलेली, शेवटाला मान तशीच झटकलेली. मग माझ्याकडं बघून त्यांनी हनुवटी उडवली. तू म्हण.

मला कधी कुणी म्हणायला सांगितलंच नव्हतं रे. मी टेपरेकॉर्डर धरणारी. तरी घातली. फाटक्या आवाजात, मध्येच हुंदका. शेजारच्या शेळ्यांनी माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. दादांनी हात हलवला, असं नाही, लांब, अजून लांब. चार वेळा चुकले. पाचव्यांदा त्यांनी हात हलवायचा थांबवला, बस्स. बरोबर आली म्हणून, की दमले म्हणून, कोण जाणे.

तुझ्या आवाजाची सर त्याला कुठून यायची? आणि त्यांच्या हसण्याची? ते गेलं. आता कुणीही, कितीही शिकलेला माणूस आला तरी ते येणार नाही. हे मी लिहिते आहे आणि तरीही मन म्हणतं, कुठंतरी असेल. या मनाचं काय करू, ते सांग.

तर मघाशी लाईट जायची वेळ झाली. मीरानं पत्रिका सेव्ह केली. दोनदा केली. मग तिचा हात थांबला. झोपवायचं बटण तिथंच होतं, तुझं नेहमीचं. ती मायकडं बघायला लागली. मीही बघितलं. दारात निवडायचे तांदूळ घेऊन बसलेल्या मायनं मान वर केली नाही. तिचा हात सुपात फिरत राहिला, आणि मग ती म्हणाली,

"बंद कर, पोरी. नीट बंद कर."

खंडू, आपल्या मायनं म्हटलं हे. मीरानं बंद केलं. पडदा काळा होईपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. मग लाईट गेली.

तुला एक वचन देते. आता दर रविवारी मी येणार, वाटूरहून, पहिल्या गाडीनं. दादांच्या ओठांकडं बघत ती हाळी शिकणार, जोवर त्यांच्या छातीत वारा आहे तोवर. चांगली आली की मीरा ती त्याच मशीनमध्ये भरून घेईल, खरखरीसकट, आणि आम्ही ती त्याच क्षणी दादांना ऐकवू. सोन्यासारखी व्हायची वाट बघणार नाही. तिथं ती ऐकू आली, तर त्या कोकरासारखा पळत येऊ नकोस. नुसता ऐक. आणि चुकली असेल, तर हस माझ्यावर, मोठ्यानं.

कॅसेटमध्ये नसलेली, तुझी
आक्का